आयफोनवर पुश नोटिफिकेशन बंद, पी८ की नीट कशी लावायची?

ऐरोलीकर: नमस्कार मंडळी, ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीसाठी मी एक छोटं ॲप सांभाळतो, पाणी किती वाजता, टँकर कधी, लिफ्ट बंद, असल्या नोटिसा त्यावरून जातात. परवापासून अँड्रॉइडवर सगळं येतंय पण आयफोनवर काहीच नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना कळलंच नाही आणि त्यांच्या बादल्या रिकाम्याच राहिल्या, फार वाईट वाटलं. बघितलं तर पी१२ सर्टिफिकेटचं, म्हणजे ज्यावरून ॲपल आमचा सर्व्हर ओळखतं त्या फाइलचं, वर्ष संपलेलं. आता ॲपलच्या डेव्हलपर अकाउंटवरून पी८ की (त्याच कामाची गुप्त किल्लीची फाइल) काढलीय आणि हरवू नये म्हणून कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेवलीय. आयफोनसाठी आमचा सर्व्हर थेट ॲपलला पाठवतो, अँड्रॉइडचं गूगलच्या फायरबेस सेवेतून जातं. पुढे काय करू?

घोडबंदर_रोड: दादा, आधी ती की रिव्होक म्हणजे रद्द करा, आज म्हणजे आजच. ग्रुपवरून डिलीट करून भागणार नाही, किती जणांच्या फोनमध्ये उतरली असेल काय सांगता येतं. पी८ला एक्स्पायरी नसते, म्हणजे ज्याच्या हाती लागली तो तुमच्या नावाने नोटिसा पाठवू शकतो, आणि साधी की असेल तर त्या टीमच्या सगळ्या ॲप्सना. मग नवीन काढा. फाइल एकदाच डाउनलोड होते, त्यामुळे लगेच पासवर्ड मॅनेजरमध्ये आणि सर्व्हरवर अशा जागी ठेवा जिथे फक्त ॲपचा युजर वाचू शकेल. सोबत की आयडी आणि टीम आयडी लिहून ठेवा, दोन्ही १० अक्षरांचे.

खारघर_बॅकएंड: वरच्यांशी १००% सहमत. कोडमध्ये एक गोष्ट सांभाळा, पी८ने ईएस२५६ (सही करायची पद्धत) वापरून जेडब्ल्यूटी, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारा टोकन, साइन करायचा, पण प्रत्येक नोटिसीला नवा नाही, तो २० मिनिटांच्या आत पुन्हा पुन्हा बदलला तर ॲपल टूमेनीप्रोव्हायडरटोकनअपडेट्स ही एरर देतं आणि ६० मिनिटांपेक्षा जुना झाला तर एक्स्पायर्ड म्हणतं, मी ४० मिनिटांनी बदलतो. नोटिशीसोबत जाणाऱ्या टॉपिकमध्ये बंडल आयडीच (ॲपचं ॲपलकडचं नाव) हवा.

ऐरोलीकर: धन्यवाद, जुनी रिव्होक केली, नवी लावली. पण माझ्या फोनला पाठवताना बॅडडिव्हाइसटोकन ही एरर येतेय?

खारघर_बॅकएंड: एक्सकोडवरून (ॲपलचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) केबलने टाकलंय ना ॲप? तशा ॲपला मिळणारा फोनचा टोकन सँडबॉक्सचा, म्हणजे चाचणीचा असतो, तो प्रॉडक्शनच्या, म्हणजे खऱ्या वापराच्या सर्व्हरच्या पत्त्यावर चालत नाही. टेस्टफ्लाइटवरून (ॲपलचं चाचणीसाठी ॲप वाटायचं ॲप) टाका, त्यातला टोकन प्रॉडक्शनचा असतो.

ऐरोलीकर: तेच होतं! टेस्टफ्लाइटने टाकलं, २०० (म्हणजे यशस्वी) उत्तर आलं आणि फोन वाजला.

घोडबंदर_रोड: छान झालं. आता अँड्रॉइडची सर्व्हिस अकाउंटची जेसन फाइलही (फायरबेससाठीची सर्व्हरची गुप्त किल्ली) बघा. २०२४ मध्ये फायरबेसची जुनी सर्व्हर की बंद झाल्यापासून तीच लागते, आणि ती बऱ्याच ठिकाणी गिटमध्ये (कोडचे सगळे बदल जपून ठेवणारं साधन) कमिट झालेली सापडते. नुसती फाइल काढली तरी हिस्टरीत राहते, म्हणून तशी असेल तर तीही की रद्द करून नवी घ्या.