जी सेव्हनवर बाहेरचे स्वर लावले की सोलो चुकल्यासारखा का वाटतो?

फोंड्याचा_आल्टो:
नमस्कार मंडळी. मी आल्टो सॅक्स वाजवतो, शनिवार-रविवार कळंगुटला एका हॉटेलात आमचा चौघांचा बँड असतो. लहानपणी पेटी शिकलोय त्यामुळे स्वर कानाला कळतात. टू-फाइव्ह-वन ही जॅझमधली नेहमीची कॉर्डची साखळी, म्हणजे डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन, तिन्ही कॉर्डचे स्वर पाठ आहेत पण सोलो अगदी अळणी होतो. मग व्हिडिओ बघून जी सेव्हनवर ऑल्टर्ड स्केल (कॉर्डबाहेरचे चढे-उतरे स्वर घेतलेली सरगम) खालीवर पळवलं तर पियानोवाल्याने मान वर करून बघितलं, मलाही चुकल्यासारखंच वाटलं. तेच स्वर मोठ्या वादकांकडून किती सुंदर लागतात, मग माझं कुठे बिघडतंय?

कोमल_धैवत:
पेटी शिकलाय ना, मग सोपं आहे. सी ला सा धरा. जी सेव्हन म्हणजे प, नी, रे, म. त्यातला नी वर सा कडे ओढतो आणि म खाली ग कडे, सगळी ओढ ह्या दोघांतच आहे. आता डी फ्लॅट सेव्हन घ्या, कोमल रे, म, कोमल ध, नी. बघा, तेच म आणि नी परत आले! म्हणून जी च्या जागी डी फ्लॅट चालतो, ट्रायटोन सबस्टिट्यूशन म्हणतात ते हेच. बास जी वरच राहिला आणि तुम्ही एकट्याने डी फ्लॅटचा अर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागून एक) घेतलात तरी चालतं, फक्त सी आला की कोमल ध वरून प वर नाहीतर कोमल रे वरून सा वर उतरायचंच, अर्ध्या सुराने. तुम्ही स्केल पळवलंत पण उतरलात कुठे ते सांगितलंच नाही, माझ्या मते बिघडलंय ते तिथेच.

ताळगावकर_गिटार:
वरचं बरोबर आहे, पण पियानोवाल्याशी बोललात का? तो जी सेव्हनवर साधा ध आणि ग लावून बसला असेल, म्हणजे नाइन आणि थर्टीन (जी पासून मोजलेला नववा आणि तेरावा स्वर), आणि त्याच वेळी तुम्ही कोमल ध आणि कोमल ग लावले तर टक्कर होणारच, यात तुमचा दोष नाही. त्याला सांगा डाव्या हाताने नुसते नी आणि म धर, बाकी जागा मोकळी ठेव. मग त्याच जी सेव्हनवर ए मेजरचा ट्रायड, म्हणजे तीन स्वरांची कॉर्ड, वाजवून बघा (ध, कोमल रे, ग), उजळ लागतो. नंतर ई फ्लॅट मेजरचा (कोमल ग, प, कोमल नी), हा गडद. तीनच स्वर असल्याने बोटं पळत नाहीत आणि लाइन गाता येते, मला स्वतःला स्केलपेक्षा ह्याचाच जास्त उपयोग झाला. आणि आपल्याच गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझांनी अरेंज केलेली जुनी हिंदी गाणी हेडफोन लावून ऐका, गाण्याच्या मागे व्हायोलिनची जी दुसरी चाल चालते ना तिच्याकडे कान द्या, आतले स्वर कसे सरकतात ते त्यात फार छान कळतं.

बसंत_मुखारी:
एक भर घालतो. मायनर गाण्यात जी सेव्हन सी मायनरवर उतरत असेल तर क्षणभर जी ला सा धरा आणि बसंत मुखारी राग लावा, कोमल रे, ध, नी आणि शुद्ध ग. सी हार्मोनिक मायनरचेच स्वर आहेत, फक्त जी पासून मोजलेले. पेटीवाल्याला हा रंग आधीच घरचा असतो.

फोंड्याचा_आल्टो:
देव बरें करूं सगळ्यांचं! काल रात्री सॅक्स बाजूला ठेवून आधी पेटीवर नी-म धरून कोमल ध वरून प नुसता गायलो, वीसेक वेळा, मग वाजवला. लागला! पियानोवाल्यालाही निरोप धाडलाय. आता हेच बाराही सुरांत बसवतो, एफ पासून सुरू केलंय.