मदत हवी आहे: पाचव्या गिअरला ५४ च्या स्पीडवर गाडी भुंग्यासारखी गुणगुणते, आवाज सापडेना

नमस्कार मंडळी,

भूम तालुक्यातून लिहितोय. माझं काम दुधाचं. पहाटे साडेचारला निघायचं, चार वस्त्यांवरचं दूध गोळा करून खव्याच्या भट्टीवर पोचवायचं आणि रिकामे कॅन घेऊन घरी यायचं. चाळीस लिटरचे दोन कॅन, त्यासाठी मागं अँगलचं स्टँड. गाडी १२५ सीसीची, पाच गिअर, फेब्रुवारी २०१९ ची, कार्ब्युरेटरवाली. ६८ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या गाडीनं मला आजवर रस्त्यात सोडलेलं नाही.

दीड महिन्यापासून एक आवाज यायला लागलाय. खडखड म्हणावी तर नाही, घरघरही नाही. पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडल्यावर होतो तसा बारीक, झणझणता. पाचव्या गिअरला ५२ ला सुरू होतो, ५४ ला सगळ्यात जास्त, ५८ च्या पुढं गेलं की गप्प. चौथ्यात तोच आवाज ४६ च्या आसपास येतो, तिसऱ्यात ३७ ला. ५४ ला क्लच दाबून, रेस सोडून गाडी नुसती पळू दिली की लगेच बंद. मेन स्टँडवर लावून न्यूट्रलला हळूहळू रेस वाढवली तर एका ठराविक जागी येतो, पण हलका. यावरून चाक, बेअरिंग आणि चेनचा संबंध नसावा, इंजिनाच्या फेऱ्यांशी असावा असं मी धरलंय. चुकत असेन तर सांगा.

मुलगा पॉलिटेक्निकला आहे. त्यानं मोबाईलवर आवाजाचा आलेख काढणारं अ‍ॅप घेतलं, मागं बसून फोन जर्किनच्या आत धरला आणि रेकॉर्ड केलं. सगळ्यात उंच रेघ ७५ वर, दुसरी १५० वर. सेकंदाला ७५ फेऱ्या म्हणजे मिनिटाला ४,५००. आमच्या गाडीला आरपीएमचा काटा नाही, त्यामुळं हा आकडा पहिल्यांदाच कळला. त्याचं म्हणणं, ५४ च्या स्पीडला चाक सेकंदाला जेमतेम आठ फेरे घेतं, आणि मागचं स्प्रॉकेट ४२ दात्यांचं असल्यामुळं चेन वाजत असती तर रेघ ३०० च्या वर दिसली असती. मला हे पटलं.

आता आमचे मिस्त्री म्हणतात टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या आतली चेन, गेली, इंजिन खोलावं लागेल, सहा-सात हजार धरून चला. माणूस खोटा नाही, वर्षानुवर्षं त्यांच्याकडंच काम करतोय. पण टायमिंग चेन ढिली असती तर सकाळी थंड गाडी चालू केल्यावर स्लोलाही कटकट ऐकू आली असती ना? मुठीचा पेचकस हेडला टेकवून कान लावला. टॅपेटची बारीक टिकटिक सोडली तर इंजिन शांत आहे. आणि चेनचा आवाज एवढ्या सहा किलोमीटरच्या पट्ट्यातच कसा येईल?

पैशाचं आहेच, पण त्याहून गाडी दोन दिवस उभी राहण्याची भीती जास्त. दोन दिवस मी गेलो नाही तर वस्तीवरचं दूध दुसरा उचलतो, आणि एकदा तुटलेलं घर परत जोडायला वर्ष जातं.

आतापर्यंत काय बघितलं ते लिहितो. संशय अर्थात आधी कॅनवर होता. जाताना कॅन भरलेले असतात तेव्हा आवाज नसतो, येताना रिकामे असतात तेव्हा असतो, त्यामुळं घरच्या सगळ्यांनी कॅनच्या झाकणावर बोट ठेवलं. नंतर ध्यानात आलं की भरल्या कॅननं मी चाळीसच्या वर जातच नाही. कॅन उतरवले, स्टँडसुद्धा खोलून ठेवलं, तरी आवाज तसाच. मग सायलेन्सरवरच्या गार्डचे बोल्ट आवळले, साडीगार्ड काढून चालवली, चेनकव्हर दाबून बघितलं. नवीन एचएसआरपी नंबरप्लेट अ‍ॅल्युमिनियमची पातळ असते, तिच्यामागं रबराचे वायसर घातले. हेडलाईटचा डूम, हॉर्नची पट्टी, लेगगार्ड, इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट, सगळं झालं. ऑईल नवीन आहे. घरची मंडळी मागं बसून एकेक भाग हातानं दाबत आली, त्यांना आवाज खालून येतोय असं वाटतं. मला मात्र समोरून येतो.

एक गोष्ट कुठंच बसत नाही: काही दिवस आवाज अजिबात येत नाही. तीच गाडी, तोच रस्ता.

इंजिन खोलायच्या आधी आणखी काय तपासू?

भर (रविवार):

एवढ्या लोकांनी वेळ काढून लिहिलं, मनापासून आभार. फ्युएल पंपाचं विचारणाऱ्या भाऊंना सांगतो, माझी गाडी बीएस-४ आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, त्यानंतरच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद गुणगुण येते ती पंपाची. माझ्या गाडीला पंपच नाही, टाकीतून कार्ब्युरेटरला नळी आहे.

ज्या दादांनी “आवाज येतो त्या दिवशी टाकीत पेट्रोल किती असतं?” असं विचारलं, त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. दीड महिन्यात हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो, त्याच दिवशी मी टाकी फुल करतो आणि दुधाच्या वहीतच लिहून ठेवतो. वही काढून बसलो. आवाज नसलेले दिवस हे सगळे टाकी भरल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस निघाले. दहा लिटर पेट्रोल म्हणजे साडेसात किलोच्या आसपास वजन. तेवढं वजन बसलं की टाकी गप्प राहते आणि हलकी झाली की थरथरते.

आज टाकी निम्मी होती. येरमाळ्याकडच्या मोकळ्या रस्त्याला ५४ धरली, आवाज आला. दोन्ही गुडघ्यांनी टाकी घट्ट दाबली, आवाज बंद. गुडघे सोडले, परत आला. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच झालं. रस्त्याच्या कडेला थांबून थोडा वेळ नुसता बसून राहिलो, इतकं हलकं वाटलं.

घरी येऊन सीट काढली, टाकीचा मागचा बोल्ट खोलला, नळी सोडवून टाकी मागं ओढून बाहेर काढली. पुढं चासीवर दोन बाजूंना गोल रबरं असतात, त्यांच्यावर टाकीची खोबण बसते. डावं रबर दगडासारखं कडक झालंय. उजवं अर्धं तुटून पडलंय, आणि तिथं टाकीचा पत्रा सरळ चासीला घासत होता. रंग उडून लोखंड चकाकतंय. तात्पुरतं सायकलच्या ट्यूबचं दोन पदरी पट्टं गुंडाळून टाकी बसवली आणि पेट्रोल तेवढंच ठेवून त्याच रस्त्याला नेली. तीन, चार, पाच, कुठल्याच गिअरला आवाज नाही.

आता मूळ प्रश्न बदललाय. ट्यूबचं रबर पेट्रोल लागलं की फुगतं आणि मऊ पडतं, शिवाय तिथं इंजिनाची धग लागते, म्हणून ती मला ठेवायची नाही. भूममध्ये रबर मिळालं नाही. बार्शीच्या दुकानातून आणलेलं दुसऱ्या मॉडेलचं निघालं, ढिलं बसतं. धाराशिवला किंवा लातूरला गंजगोलाईच्या बाजूला जुन्या गाड्यांचे असे बारीक पार्ट कुणी ठेवतं का? जाणं एकदाच होईल, म्हणून आधी विचारतोय.

दुसरं, मागच्या बोल्टाच्या रबरात लोखंडी नळीचा तुकडा, म्हणजे कॉलर, असायला हवी ना? माझ्या गाडीत ती नाहीच, नुसतं रबर आणि बोल्ट आहे. आवळला की रबर चेपून पार सपाट होतं. कॉलरशिवाय बोल्ट किती आवळायचा?

आणि ज्याची खरी काळजी लागली ते: घासलेल्या जागेजवळ, खोबणीच्या वेल्डिंगपाशी केसाएवढी रेघ दिसतेय. रंगाची आहे की पत्र्याची, बोटाला कळत नाही. टाकी भरून, खाली कागद ठेवून रात्रभर उभी केली, कागद कोरडा राहिला, वासही नाही. एवढ्यावर भरवसा ठेवून पहाटे निघू, की आधी टाकी रिकामी करून कुणाला दाखवू?