आईला कानाचं मशीन पुरत नाही, इम्प्लांट करावं का?

सायली_मिरज
आई 67 वर्षांची. दोन्ही कानांना मशीन आहे. आवाज येतो म्हणते, पण बोललेलं कळत नाही. आवाज वाढवला की डोकं धरते. डॉक्टर कॉक्लिअर इम्प्लांट सुचवताहेत. त्यापेक्षा जास्त ताकदीचं मशीन घेऊ का? इम्प्लांटनंतर बाहेर काही लावावं लागत नाही ना?

काका_डोंबिवली
सायलीताई, लावावं लागतंच. कानामागे प्रोसेसर, आणि डोक्यावर लोहचुंबकाने चिकटणारी चकती. माझ्या उजव्या कानात इम्प्लांट आहे, डाव्यात साधं मशीन. मशीन आवाज मोठा करतं. पण आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशीच गेल्या असतील तर तो मोठा होऊनही अस्पष्टच राहतो. इम्प्लांट त्या पेशींना वगळून कानाच्या नसेला थेट विजेचे संकेत देतं.

म्हणून आधी मशीन लावून शब्दांची चाचणी करून घ्या. माझ्या वेळी ऑडिओलॉजिस्ट तोंडापुढे कागद धरून एकेक शब्द म्हणत होत्या. पान, कान, धान... मला सगळं 'आन'च. मशीन नीट सेट करूनही आईंचं असंच होत असेल, तर आणखी महाग मशीन घेऊ नका असं मी ठामपणे सांगेन.

पण ऑपरेशन झालं की लगेच ऐकू येईल, असं आईंना सांगू नका. स्विच-ऑन, म्हणजे प्रोसेसर पहिल्यांदा चालू करणं, काही आठवड्यांनी होतं. सुरुवातीला मला बायकोचा आणि नातवाचा आवाज एकसारखाच, पत्र्यावर वाजल्यासारखा यायचा. मग वारंवार मॅपिंग, म्हणजे विजेचे संकेत आपल्या कानाला जुळवून घेणं, आणि घरी सराव. बायको पेपरातली एकेक ओळ वाचायची, मी तिच्या तोंडाकडे न बघता ती परत म्हणायचो. तुमच्या घरी असं रोज बसणारं कोण आहे, ते आधी ठरवा. शिवाय त्या कानाचं उरलंसुरलं ऐकू येणं जाऊ शकतं. भजनातला सूर मला आजही डाव्या मशीनमुळेच कळतो, म्हणून दुसऱ्या कानाचं मशीन काढून टाकू नका.

नलिनी_ठाणे
कान वाहतो का आईंचा? आमच्या बाबांचा वाहायचा. मशीनचा मोल्ड (कानात बसणारा साचा) घातला की आत ओल धरायची, परत पू. त्यांची नस चांगली होती, म्हणून कानामागच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून हाडातून आवाज पोचवणारं इम्प्लांट केलं. स्वीडनमध्ये ते 1977पासून बसवतात.

सायली_मिरज
कान कोरडा आहे. पण कंबरेसाठी एमआरआय लागेल म्हणालेत.

काका_डोंबिवली
मग तो ऑपरेशनआधीच करून घ्या. आत चुंबक असतो. पुढेही एमआरआय लागणार असेल, तर कोणत्या मॉडेलला किती टेस्लापर्यंत (एमआरआयच्या चुंबकाची ताकद) चालतो, ते लेखी मागा.