प्रिंटरच्या रिकाम्या कार्ट्रिजचे काय करावे?

प्रश्न
गेल्या तीन वर्षांत रिकाम्या झालेल्या इंकजेट प्रिंटरच्या चौदा कार्ट्रिज आणि लेझर प्रिंटरच्या टोनरच्या दोन कार्ट्रिज मी एका खोक्यात जपून ठेवल्या आहेत, कारण त्या रोजच्या कचऱ्यात टाकायला मन धजावत नाही. यांपैकी काही पुन्हा भरता येतील का? ज्या भरता येणार नाहीत, त्या कोणाकडे द्याव्यात?

पहिले उत्तर
प्रत्येक कार्ट्रिजची खालची बाजू आधी पाहावी. तेथे बारीक छिद्रांची पट्टी असेल, तर शाई फेकणारे हेड कार्ट्रिजमध्येच आहे. अशा बहुतेक हेडमध्ये विजेने तापणारा अतिसूक्ष्म घटक शाईचा बुडबुडा तयार करतो आणि त्या दाबाने थेंब कागदावर पडतो. त्या घटकाला थंड ठेवण्याचे कामही शाईच करते. म्हणून छपाई फिकी पडल्यावरही प्रिंटर तसाच चालवत राहिले, तर हेड जळते आणि मग कितीही शाई भरली तरी उपयोग होत नाही. शिवाय तीन वर्षांत छिद्रांतली शाई वाळली असणार. कोमट डिस्टिल्ड वॉटरने भिजवलेल्या टिश्यू पेपरवर छिद्रांची बाजू काही मिनिटे टेकवून पाहा, पण फार आशा धरू नका. पुढच्या वेळी रिफिल करायचे असेल, तर शाई पूर्ण संपण्याआधीच करा.

छिद्रे नसतील, तर ती केवळ शाईची टाकी आहे आणि हेड प्रिंटरमध्ये आहे; एप्सनच्या प्रिंटरमध्ये अशी रचना असते. या टाक्या भरणे सोपे असते, मात्र त्यांवरील चिप उरलेल्या शाईची नोंद ठेवत असल्यामुळे ती रीसेट करावी किंवा बदलावी लागते.

दुसरे उत्तर
ज्या भरता येणार नाहीत, त्या उत्पादक कंपनीकडे परत पाठवाव्यात, असे माझे ठाम मत आहे. एचपीने रिकाम्या कार्ट्रिज परत घेण्यास 1991 मध्ये सुरुवात केली आणि त्यांचे प्लास्टिक पेयांच्या जुन्या बाटल्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळून ती नव्या कार्ट्रिज बनवते. अशा योजनांत कंपन्या सहसा आपल्याच कार्ट्रिज घेतात, तेव्हा त्या आधी कंपनीनुसार वेगळ्या करा. योजना उपलब्ध नसेल, तर ई-कचरा संकलन केंद्रात द्या. उरलेली शाई मोरीत ओतू नका. छिद्रांवर टेप लावून कार्ट्रिज बंद पिशवीत उभी ठेवा.

तिसरे उत्तर
टोनरबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. टोनर ही शाई नसून प्लास्टिक आणि रंगद्रव्य यांची अत्यंत बारीक पूड असते. ती कार्ट्रिज घरी उघडू नका आणि जाळू तर मुळीच नका. पूड सांडलीच, तर साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, कारण ती त्याच्या गाळणीतून निसटून हवेत पसरते. ओल्या फडक्याने टिपा आणि हात थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती चिकटण्याची शक्यता असते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. चौदापैकी नऊ कार्ट्रिजवर छिद्रांची पट्टी आढळली आणि ती पार वाळलेली आहे. त्या नऊ मी कंपनीनुसार वेगळ्या केल्या. उरलेल्या पाच टाक्यांच्या चिप रीसेट करता येतील का, याची आता चौकशी करतो.