मदत हवी आहे: व्हॉल्व्ह रेडिओचे कंडेन्सर किती व्होल्टचे घ्यावेत?

नमस्कार मंडळी. ईझेड ८० रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) आणि ईएल ८४ आउटपुट (स्पीकर चालवणारा व्हॉल्व्ह) असलेला एसी रेडिओ दुरुस्तीला घेतलाय. बेळगावच्या पावसात मेणकागदी कंडेन्सर ओल धरून लीक होतात, म्हणून ते सगळेच काढणार. मायकाच्या (अभ्रकाच्या) कंडेन्सरना हात लावणार नाही. ईएल ८४ च्या ग्रिडवर (सिग्नल येतो त्या टोकावर) पॉझिटिव्ह डीसी दिसतंय, म्हणजे सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर गेलाय. तसाच चालवला तर व्हॉल्व्ह तापून आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जायचा. तिथे ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन ठरलाय. रेक्टिफायरनंतर डीसी गुळगुळीत करणाऱ्या फिल्टर कंडेन्सरचा डबा ५०+५० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचा. त्याऐवजी चेसिसखाली ४७ चे दोन, ४५० व्होल्ट, १०५ डिग्रीवाले. रेक्टिफायरला लागून असलेला पहिला ५० च्या वर नेणार नाही, ईझेड ८० ची मर्यादाच तेवढी.

अडलंय ते आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवरच्या (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीवरच्या) ०.००५ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरपाशी. स्पीकरची तार सुटली की तिथे व्होल्टेज फार उसळतं. १००० व्होल्टचा पुरेल की १६०० चाच घ्यावा?

दुसरं, मेन्सपासून चेसिसला जाणारा कंडेन्सर वाय-२ (मेन्ससाठीच्या सुरक्षा दर्जाचा) च हवा. तिथे साधा कंडेन्सर शॉर्ट झाला तर चेसिसलाच करंट येतो. असा सुटा वाय-२ इथे बेळगावच्या खडेबाजारात मिळेल, की कोल्हापूरच गाठावं लागेल?