थ्री-नॉट-थ्रीची पुंगळी: बुडावरचा ‘के’ खडकीचा का?

माळरानी: इंग्लंडात नॉरफोकमधल्या शेतात (मालकाची लेखी परवानगी आहे) मेटल डिटेक्टरला वीतभर खोलीवर काडतुसांच्या दोन पितळी पुंगळ्या लागल्या. पहिलीची कड बाहेर आलेली, लांबी ५६ मिमी, कडेचा व्यास १३.५. बुडावर ‘के’, ‘१७’ आणि रोमन सात. हा ‘के’ आपल्या पुण्याच्या खडकीतल्या दारूगोळा कारखान्याचा का? दुसरी ९९ मिमी, ‘एस एल ४३’. लिंबू-मिठाने घासल्या तर चालेल?

पितळखोरे: पहिली थ्री-नॉट-थ्रीच, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या .३०३ इंची रायफलची. नवी असताना कड १३.७ भरते, तेवढी झीज धरायचीच. पण एकटा ‘के’ बर्मिंगहॅमच्या कायनॉक या काडतूस कंपनीचा. खडकीच्या मालावर ‘के’ आणि ‘एफ’, मधे ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण असलेला बाण. ‘एफ’च्या जागी माती बसलेली नाही ना, ते आधी बघा. टॉर्च बुडाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका आणि पुंगळी सावकाश फिरवा. वरून फ्लॅश मारला की उथळ ठसा दिसतच नाही. मग आत डोकवा. कायनॉकच्या लष्करी पुंगळीत टोपीकडे (बुडातली, ठिणगी पाडणारी) जाणारी दोन बारीक भोकं असतात, अमेरिकन पुंगळीत मधोमध एकच. १७ म्हणजे १९१७. रोमन सात म्हणजे मार्क सात, काडतुसाचा सातवा नमुना, १७४ ग्रेन (वजनाचं इंग्रजी माप) गोळीचा.

नळकांडे: दुसरी पॉइंट फाइव्ह-झिरो ब्राउनिंग मशीनगनची, अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या कारखान्यातली, १९४३ची. नॉरफोकात तेव्हा अमेरिकन बॉम्बर विमानांचे तळ होते, त्यामुळे तिकडे ही मिळण्यात नवल नाही.

लिंबू अजिबात नको, व्हिनेगरही नको. आम्लाने पितळातलं जस्त निघून जातं, वर तांबूस-गुलाबी थर उरतो आणि तो रंग परत येत नाही. कोमट पाणी, मऊ टूथब्रश, अक्षरांत बांबूची काडी. तारेचा ब्रश लावलात तर ठसाच जाईल.

मानेला उभी चीर दिसली तर ती गोळी झाडतानाच पडली असं समजू नका. ताण असलेलं पितळ अमोनियाने चिरतं. हिंदुस्थानात ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात पागेत ठेवली की घोड्यांच्या मुतातल्या अमोनियाने अशीच तडकायची. शेणखताच्या रानातही हे होऊ शकतं.

पितळखोरे: टोपीवर बंदुकीच्या पिनेचा खड्डा आहे ना? नसेल तर रिकामी पुंगळीसुद्धा ठोकू-टोचू नका, टोपी उडू शकते. आणि गोळी बसलेलीच असेल तर खड्ड्यावर विसंबू नका. बार फुसका गेला तरी खड्डा पडतोच. तिला हात न लावता जागेवर खूण करा आणि १०१ला (तिकडचा पोलिसांचा बिगर-तातडीचा नंबर) फोन लावा.

माळरानी: दोन्हींवर खड्डा आहे, गोळी नाही. आडव्या उजेडात ‘एफ’ नाही, बाणही नाही. पहिलीत भोकं दोन, दुसरीत एक. म्हणजे कायनॉकच. लिंबू रद्द.