१८५० च्या सेन्ससच्या मागे: इंडियाना, केंटकी, नॉर्थ कॅरोलिना

मेधा_का:
सुनेच्या माहेरची वंशावळ जुळवते आहे. माग अमेरिकेच्या १८५० च्या सेन्ससपर्यंत (जनगणनेपर्यंत) नीट लागतो, तिथे अडतो. इंडियाना राज्य, पुटनम काउंटी (म्हणजे जिल्हा). घरचा कर्ता ६३ वर्षांचा, जन्म नॉर्थ कॅरोलिना. बायको ५३, जन्म केंटकी. पहिली तीन मुलं केंटकीत जन्मलेली, त्यातलं शेवटचं २९ वर्षांचं. चौथा २६ वर्षांचा, तो आणि त्यापुढची सगळी इंडियानात. आडनाव इतकं सर्रास की १८०० च्या सेन्ससमध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या काउंटीकाउंटीत त्या नावाची माणसं दिसतात. याचे वडील शोधायला कुठली काउंटी धरू?

जुनेकागद:
एवढ्यात कुठलीच नको. नॉर्थ कॅरोलिनात थेट उडी मारली की त्या नावाचं जे पहिलं कुटुंब सापडेल ते आपलंच वाटू लागतं. ऑनलाइन फिरणाऱ्या निम्म्याअधिक चुकीच्या वंशावळी अशाच तयार होतात. मुक्काम एकेक करून मागे जा.

मुलांच्या वयांवरून स्थलांतर १८२१ ते १८२४ च्या दरम्यान झालंय. त्या वेळी इंडियानात सरकारी जमीन विकली जात होती. १८२० च्या कायद्याने उधारी बंद झाली. एकरी सव्वा डॉलर रोख आणि किमान ८० एकर, म्हणजे १०० डॉलर. या विक्रीची पेटंटं, म्हणजे सरकारने खरेदीदाराला दिलेली जमिनीची मालकीपत्रं, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकी सरकारी जमीन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. नुसतं नाव पाहून थांबू नका, मूळ पेटंटाची प्रतिमा उघडा. खरेदीदार त्या वेळी कुठल्या काउंटीत राहत होता हे त्यात बऱ्याचदा लिहिलेलं असतं, आणि खरेदी स्थलांतराआधी झाली असेल तर ती केंटकीतली काउंटी निघते.

त्याच संकेतस्थळावर टाउनशिप, रेंज आणि सेक्शन या सरकारी मोजणीच्या क्रमांकांवरून शोधता येतं; सेक्शन म्हणजे त्या मोजणीतला जमिनीचा एक चौकोन. त्यांचा सेक्शन आणि त्याला लागून असलेले आठ सेक्शन, यात पहिल्या पाच-सहा वर्षांत जमीन घेतलेल्या प्रत्येकाचं नाव टिपून ठेवा. माणसं एकटी हलत नसत. मेहुणे, साडू, एकाच चर्चची मंडळी पुढे-मागे निघायची. आडनाव सर्रास असलं तरी शेजाऱ्यांपैकी एखाद्याचं दुर्मीळ असतंच. पुढचा शोध त्या नावाच्या आधाराने घ्या.

ओढेकाठ:
केंटकीत सेन्ससपेक्षा करयाद्या जास्त उपयोगी. १८४० पर्यंतच्या सेन्ससमध्ये फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकीचे नुसते आकडे. करयाद्या मात्र साधारण दरवर्षीच्या आणि २१ वर्षांवरच्या गोऱ्या पुरुषांची नोंद त्यात असते. तुमचा माणूस १७८७ च्या आसपासचा, म्हणजे १८०८ च्या सुमाराला पहिल्यांदा दिसायला हवा. यादीत जमिनीलगतच्या ओढ्याचं नाव असतं; त्याच्या आधीपासून त्याच ओढ्यावर त्याच आडनावाचा कोण कर भरतोय ते पाहा. तो वडील किंवा काका असण्याची शक्यता मोठी.

लग्न १८१६ च्या आसपासचं असणार. तेव्हा केंटकीत लग्नाआधी नवऱ्याला जामीनखत द्यावं लागे आणि जामीनदार बहुधा नवरीचा बाप किंवा भाऊ असे. नवरी २१ च्या आतली, म्हणजे पालकांची संमती हवी. ती चिठ्ठी काउंटी क्लार्कच्या गठ्ठ्यात वेगळी ठेवलेली असते, छापील विवाहसूचीत येत नाही.

मेधा_का:
पेटंट मिळालं! त्यात केंटकीतली शेल्बी काउंटी लिहिली आहे. पण तिथल्या करयादीत त्याच नावाचे दोघे आहेत, एकापुढे ज्युनियर. म्हणजे हे बापलेक का?

ओढेकाठ:
तसं धरू नका. त्या काळी ज्युनियर म्हणजे गावात त्याच नावाचा आणखी एक मोठा माणूस आहे, इतकंच. काका-पुतणे असतील, नातं नसेलही. मोठा वारला किंवा गाव सोडून गेला की धाकट्याचं ज्युनियर गळतं.

दोघांना वेगळं करायला जमिनीचा ओढा बघा. यादीत एकरांच्या शेजारी ओढ्याचं नाव आणि मूळ नोंद कोणाच्या नावे होती तेही असतं. एक ब्रॅशियर्स क्रीकवर, दुसरा बुलस्किनवर असला तर वर्षानुवर्षं ते वेगळे राखता येतात. १८२१ ते १८२४ च्या दरम्यान जो यादीतून गायब होतो तो तुमचा. बिनजमिनीचा असेल तर नोंदीची तारीख पाहा. एकाच दिवशी नोंदवलेले बहुधा जवळजवळ राहणारे.

एक सावधगिरी. १८२४ मध्ये शेल्बीचा काही भाग तोडून स्पेन्सर काउंटी झाली आणि ब्रॅशियर्स क्रीकचा खालचा भाग तिच्यात गेला. तिथली जमीन असेल तर त्यानंतरची खरेदीखतं स्पेन्सरच्या कोर्टात. कुटुंब जागचं न हलताही काउंटी बदललेली दिसते.

जुनेकागद:
शेल्बी आणि स्पेन्सरची खरेदीखतं १८५० पर्यंत बघाच. बाप केंटकीत वारला की इंडियानात गेलेली मुलं आपला हिस्सा विकायला मुखत्यारपत्र पाठवत किंवा वारसांचं वाटणीपत्र होई. त्यात सगळी भावंडं, जावई आणि प्रत्येकाची काउंटी एका कागदावर मिळते. चतुःसीमा वाचताना 'वारसांची हद्द' असा उल्लेख आला तर तो कागद सोडू नका. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावरच्या फुल-टेक्स्ट शोधात हस्तलिखित खतंही शोधता येतात. नाव आणि ओढा दोन्ही टाकून पाहा, आडनावाची स्पेलिंगं मात्र बदलून बदलून.

यॅडकिन:
आता नॉर्थ कॅरोलिना. टेनेसी १७९६ मध्ये राज्य झालं, त्याआधी १७९० पर्यंत तो मुलूख नॉर्थ कॅरोलिनाचाच होता. १७८७ चा जन्म 'नॉर्थ कॅरोलिना' म्हणजे तो आजच्या पूर्व टेनेसीतला, वॉशिंग्टन काउंटीच्या बाजूचाही असू शकतो. दोन्हीकडे बघावं लागेल.

वाट बहुतेकांची एकच होती: पेनसिल्व्हेनियातून ग्रेट वॅगन रोडने शेनँडोआ खोरं, तिथून यॅडकिन नदीकाठच्या रोवन, सरी, विल्क्स काउंट्या, मग कंबरलँड गॅपच्या खिंडीतून केंटकी. शेजाऱ्यांची जी यादी केलीत, त्यातली तीन-चार आडनावं १७९० किंवा १८०० च्या सेन्ससमध्ये एकाच काउंटीत एकत्र दिसली, तर पहिली त्याच काउंटीची मृत्युपत्रं आणि जमीन अनुदानं (सरकारने दिलेल्या जमिनीच्या नोंदी) काढा.

वडील किंवा शेजारी अमेरिकेच्या क्रांतियुद्धात लढले असतील तर १८३२ च्या कायद्याखालच्या पेन्शनचे अर्ज वाचा. जन्म कुठे, भरती होताना मुक्काम कुठे, युद्धानंतर कुठे कुठे राहिलात, हे अर्जदाराला शपथेवर सांगावं लागे. शेजाऱ्याचा अर्जसुद्धा पुरतो, कारण कबिला एकाच वाटेने आलेला असतो.